पेट्रोल करवत, कटर आणि फवारा : कोणत्या कंपनीची घ्यावी, आणि टाकीत काय घालावे?



गळीत हंगाम चालू असतो तेव्हा आमच्या शेतकी खात्याला एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे "तोड कधी?" हंगाम आटोपला की प्रश्न बदलतात. बेणे कुठले, खोडवा ठेवू की मोडू, खताचा हप्ता किती. हे नेहमीचेच. पण अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, झाडं कापायची मशीन कोन्त्या कंपनीची घ्याव?" आणि ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांचे म्हणणे असे, "मांगच्या साली बरी चालत होती, आता दोरी ओढू ओढू खांदा दुखते, पन सुरू होत नाई."

ऊस विकास अधिकाऱ्याने करवतीवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण साधे आहे. वाशीम जिल्ह्यात ऊस थोडा आणि सोयाबीन फार, त्यामुळे आपला सभासद एकाच घरात तीन-तीन लहान इंजिने बाळगून असतो. धुऱ्यावरच्या बाभळीची सावली उसाच्या दोन-चार सऱ्या खाते, तिच्यासाठी करवत. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या सोंगणीला मजूर मिळत नाही, तेव्हा पात्याचा कटर. आणि तोच कटर गोल पाते लावून खोडव्याचे बुडखे जमिनीलगत छाटायलाही चालतो. (बुडखे खोल छाटले म्हणजे जमिनीखालचे डोळे फुटतात आणि खोडवा जोमदार येतो, हे आम्ही या पानांतून सांगून थकलो आहोत.) तिसरा पाठीवरचा पेट्रोल फवारा. तो आता कमी झाला, बॅटरीच्या पंपाने त्याची जागा घेतली, तरी बऱ्याच घरांत अजून खुंटीला आहे.

दुसरे कारण जरा अवघड आहे. या इंजिनांच्या टाकीत आज जे पेट्रोल जाते त्यात आपलाच ऊस आहे. आणि मशीन बंद पडण्यामागे बऱ्याच वेळा तोच असतो. हे दुसऱ्या कोणी सांगण्याऐवजी आपल्याच कारखान्याच्या पत्रिकेने सभासदांना सांगावे, असे आम्हांला वाटते.

पेट्रोलमधले आपले पाणी

उसाच्या मळीपासून केलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचा प्रयोग आपल्या देशात २००१ साली झाला, तेव्हा निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी दोन आपल्या महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. २००३ साली ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम काही राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. पुढे बरीच वर्षे हे काम रडतखडत चालले. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर वेग आला. जून २०२२ मध्ये देशात १० टक्के गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीला आले, आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचले. अलीकडे मक्याच्या इथेनॉलने उसाला मागे टाकले आहे, तेव्हा सगळे श्रेय आपण घेऊ नये. परंतु साखरेचे भाव पडले असताना कारखान्यांना बिले देता आली, त्यात या इथेनॉलचा हात आहे हे कोणी नाकारणार नाही. इथेनॉल नको म्हणणारा ऊस उत्पादक आम्ही तरी पाहिला नाही.

मोटारसायकलीला यामुळे होणारा फरक थोडा आहे. नव्या गाड्या तर २०२३ पासून या पेट्रोलचा विचार करूनच बनतात. लहान टू-स्ट्रोक इंजिनाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती समजण्यासाठी त्याचे पोट पाहावे लागते.

मोटारसायकलीच्या इंजिनात खाली तेल भरलेले असते. टू-स्ट्रोकला तेलाची जागाच नाही. पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या खोलीत जाते, तिथून वर चढते आणि जळते. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते. जाता जाता जे तेल भिंतीला, रिंगला, बेअरिंगला लागेल तेवढेच त्याचे वंगण. पेट्रोल आले पण तेल नाही आले, तर इंजिन काही मिनिटांत पकडते. दर मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणाऱ्या करवतीला तर तेवढाही वेळ लागत नाही.

आता इथेनॉलचा गुण पाहा. ते हवेतले पाणी ओढून घेते. जुन्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते तळाशी वेगळे बसायचे, दिसायचे. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी विरघळून राहते, दिसत नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. १० टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण ५ मिली पाणी मावते. २० टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये त्याहून जास्त मावते. मर्यादा ओलांडली, किंवा दिवसभर तापलेली टाकी रात्री एकदम गार झाली, की पाणी आणि इथेनॉल दोघे हातात हात घालून खाली उतरतात आणि पेट्रोल वर राहते. तेल कोणाबरोबर जाते? तेल पेट्रोलचे सोबती, ते वरच राहते. टाकीतली नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे दोरी ओढल्यावर इंजिनाला मिळते ते पाणी आणि इथेनॉल, त्यात तेलाचा थेंब नाही.

हे डोळ्यांनी पाहता येते. टू-स्ट्रोकच्या तेलाला कंपन्या मुद्दाम रंग घालतात. शिळे मिश्रण पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओतून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर रंगीत आणि तळाशी फिकट असा थर दिसला, तर ते मिश्रण मशीनमध्ये घालू नका. हलवून पुन्हा एक झाल्यासारखे दिसेल, त्यावर जाऊ नका. थोड्या वेळाने ते टाकीत परत फाटणारच.

आता आपल्याकडचे वेळापत्रक आठवा. करवत चालते मार्च ते मे. मग ती तशीच, अर्ध्या टाकीनिशी, गोठ्याच्या माळ्यावर जाते. मृग लागतो, पावसाळाभर हवा दमट, टाकीच्या झाकणातून हवा आत-बाहेर चालूच असते. कटरची टाकी गेल्या सोंगणीपासून भरलेली असते ती थेट पुढच्या सोंगणीला उघडली जाते. म्हणजे मशीन ज्या दिवशी सर्वांत जास्त हवी असते त्याच दिवशी तिला सर्वांत खराब पेट्रोल मिळते. सोयाबीनच्या शेंगा तडकायला लागल्या आहेत, ढग आले आहेत, आणि मिस्त्रीकडे आधीच दहा कटर रांगेत आहेत, अशा वेळी बसलेल्या इंजिनाचा खर्च नुसत्या पिस्टनच्या किमतीत मोजता येत नाही.

दुसरी एक अडचण आहे. १ किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला ९ किलोच पुरते. त्यामुळे साध्या पेट्रोलवर बसवलेल्या कार्बोरेटरमधून २० टक्क्यांचे पेट्रोल गेले की मिश्रणात हवा जास्त ठरते आणि इंजिन गरम चालते. मेकॅनिक याला "लीन" म्हणतात. वैशाखातल्या दुपारी बाभळीच्या बुंध्यात करवत घालून उभे राहिल्यावर ही अडचण लहान राहत नाही. शिवाय इथेनॉलने जुन्या रबराच्या नळ्या फुगतात किंवा कडक होतात, ते वेगळेच.

मग करावे काय? मिश्रण पंधरा दिवसांत संपेल एवढेच करावे. पेट्रोल मोटारसायकलीच्या टाकीतून काढलेले नको, पंपावरून ताजे, धातूच्या कॅनमध्ये आणलेले असावे. तेलाच्या बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी असे लिहिलेले पाहून घ्यावे. मोटारसायकलीचे किंवा ट्रॅक्टरचे तेल मुळीच घालू नये, आणि होडीच्या इंजिनाचे तेलही नको, ते पाण्याने गार होणाऱ्या इंजिनांसाठी असते. प्रमाण पुस्तिकेत असेल तेच. १:५० म्हणजे ५ लिटरला १०० मिली, १:२५ म्हणजे ५ लिटरला २०० मिली. "थोडं जास्तच टाकलं" ही आपली सवय इथे उपयोगाची नाही. जास्त तेलाने सायलेन्सर काजळतो, आणि तेवढे पेट्रोल कमी गेल्याने इंजिन उलट आणखी लीन होते. काम संपले की टाकी रिकामी करावी, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.

पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल धुऊन काढण्याची युक्ती कोणीतरी मोबाइलवर पाहून आम्हांला सांगितली. ती करू नये. इथेनॉल निघून जाते हे खरे, पण त्याबरोबर पेट्रोलचा ऑक्टेनही उतरतो आणि ओल मागे राहते.

आता कंपनीचे

हा प्रश्न आधी विचारला जातो, आम्ही मुद्दाम नंतर घेतला. आमच्या मते कंपनीचे नाव दुसऱ्या नंबरवर आहे.

बाजारात ढोबळ मानाने दोन गट आहेत. एका गटात स्टिल आणि हस्कवर्ना यांसारख्या जुन्या कंपन्या. स्टिल जर्मनीची, १९२६ पासूनची. हस्कवर्ना स्वीडनची, १६८९ साली बंदुकांचा कारखाना म्हणून निघालेली ही कंपनी १९५९ पासून साखळी करवती करते. दुसऱ्या गटात चिनी बनावटीच्या मशिनी, ज्यांवर निरनिराळी नावे चिकटवलेली असतात आणि आत बहुधा एकच नमुना असतो. किंमत निम्म्याहून कमी. मध्ये किसानक्राफ्टसारख्या आपल्याकडच्या कंपन्या आहेत, ज्या मशीनबरोबर सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय देतात.

स्वस्त मशीन टाकाऊच असते असे आम्ही म्हणणार नाही. वर्षाला चार बाभळी पाडायच्या असतील तर ती चालते. मात्र डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. "५८ सीसी", "६२ सीसी" असे मोठे आकडे छापण्याची स्पर्धा आहे. इंजिन उघडले असेल तेव्हा मेकॅनिककडून दोन मापे घ्या, सिलेंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले चाल, एवढा हिशेब करा. व्यास ४.३ आणि चाल ३.१ निघाली तर इंजिन ४५ सीसीचे आहे, डब्यावर काहीही लिहिलेले असो. तसेच २२ इंची पट्टी पाहून भुलू नये. धुऱ्यावरच्या फूटभर जाडीच्या बाभळीला १६ इंची पट्टी आणि ३५ ते ४५ सीसीचे इंजिन भरपूर झाले. लांब पट्टी लहान इंजिनाला लावली की ते दमते आणि तापते.

खरा फरक पुस्तिकेत आहे, आणि ती कोणी वाचत नाही. इंधनाच्या पानावर इथेनॉल किती टक्के चालेल ते लिहिलेले असते. हस्कवर्ना १० टक्क्यांपर्यंत म्हणते. स्टिल हाताने स्क्रू फिरवायच्या कार्बोरेटरला १० टक्क्यांपर्यंतच ठीक म्हणते. पण तिच्या ज्या वरच्या मॉडेलांत एम-ट्रॉनिक नावाची आपोआप मिश्रण जुळवणारी रचना आहे, त्यांना २७ टक्के चालते असे तीच कंपनी लिहिते. हा २७ चा आकडा कुठून आला? ब्राझीलमधून. तो देशही आपल्यासारखा उसाचा. तिथे पेट्रोलमध्ये २०१५ पासून २७ टक्के इथेनॉल होते आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के झाले. तिथेही जंगलात, मळ्यात करवती चालतातच. म्हणजे इथेनॉलवर मशीन चालत नाही असे नाही. तिला तशी बनवावी लागते. आपल्याकडे मोटारगाड्यांसाठी नियम झाले. शेतातल्या लहान इंजिनांकडे तेवढे लक्ष गेले नाही, आणि ती जबाबदारी सध्या पाठीवर मशीन घेणाऱ्यावर पडली आहे.

तेव्हा दुकानात तीन गोष्टी विचारा. २० टक्क्यांचे पेट्रोल चालेल हे पुस्तिकेत दाखवता का? कार्बोरेटरचा पडदा, नळी आणि रिंग आज दुकानात आहे का? आणि बिघडली तर वाशीम-रिसोडला उघडणारा माणूस कोण? दुसऱ्या प्रश्नाला "मागवून देऊ" असे उत्तर आले तर सोंगणीत किती दिवस जातील ते तुम्हीच मोजा. कटर घेणाऱ्यांनी होंडासारख्या कंपन्यांचा फोर-स्ट्रोक कटरही पाहावा. जड आहे, महाग आहे, पण त्यात तेल वेगळे असते. पेट्रोल फाटले तर तो बंद पडेल, पण तेलाविना पकडणार नाही.

मिस्त्रीकडे नेण्याआधी

आपल्या भागातले बरेच मेकॅनिक लुना आणि चेतकवर शिकले. दोन्ही १९७२ च्या, एक नगरची आणि दुसरी पुण्याची, दोन्ही टू-स्ट्रोक. त्या हातांना इंजिनाचा आवाज कळतो, यात शंका नाही. पण दोन बाबतींत लुनाची विद्या करवतीला लागू पडत नाही.

एक, कार्बोरेटर. लुनाच्या कार्बोरेटरमध्ये वाटी आणि तरंगता फ्लोट असतो, पाठीवरच्या बहुतेक फवाऱ्यांतही तसाच. करवत आडवी-उभी-उलटी कशीही धरावी लागते, म्हणून तिच्यात फ्लोटऐवजी पातळ पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिनाच्या श्वासाने तो वर-खाली होतो आणि पेट्रोल ओढतो. शिळ्या पेट्रोलने हा पडदा कडक झाला की जेट कितीही साफ करा, मशीन गरम झाल्यावर मरतेच. पडदा बोटाने दाबून पाहा. कांद्याच्या पातीसारखा मऊ हवा. कुरकुर वाजला तर बदला. सगळा कार्बोरेटर नव्हे, पडद्यांचा संच मिळतो. तिथेच आत नखाएवढी जाळी असते, तीही पाहावी.

दोन, सिलेंडर. लुना-चेतकचा सिलेंडर बिडाचा. झिजला की बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. करवतीचा सिलेंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून कठीण धातूचा पातळ मुलामा असतो. बोअर केला की मुलामा गेला आणि सिलेंडर भंगारात. कोणी "बोअर मारून देतो" म्हणाला तर मशीन परत घेऊन या.

इंजिन कशाने गेले हे पिस्टनच सांगतो, आणि त्यासाठी इंजिन खोलायची गरज नाही. सायलेन्सरचे दोन-तीन नट काढा, दोरी हळू ओढा, भोकातून पिस्टन दिसतो. सायलेन्सरच्या बाजूलाच ओरखडे असतील तर इंजिन लीन किंवा फार गरम चालले. चोहोबाजूंनी ओरखडे असतील तर तेलच मिळाले नाही. ही बाजू स्वच्छ असूनही जोर नसेल तर कार्बोरेटर काढून त्या बाजूने पाहा; तिथे पिस्टन मळकट, घासलेला दिसला तर फिल्टरमधून धूळ गेली आहे. कारण सापडल्याशिवाय नवा पिस्टन टाकला तर तोही त्याच वाटेने जाईल. दाब पाहायची जुनी युक्ती अशी की गार मशीन, स्विच बंद, दोरीच्या मुठीला धरून उचलायची. सावकाश, अडत अडत खाली आली तर दाब आहे. बादलीसारखी सरळ उतरली तर रिंग किंवा सिलेंडर गेला.

प्लगची फट साधारण अर्धा मिलिमीटर. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक, पांढरे पडले असेल तर लीन, ओले काळे असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त. पांढरे असेल आणि तुमच्या कार्बोरेटरला एच स्क्रू असेल तर तो बाहेरच्या बाजूला आटाभराचा आठवा हिस्सा फिरवून पाहा. मशीन दहा मिनिटे चालून बंद पडते आणि झाकण सैल केले की पुन्हा चालते, असे असेल तर टाकीला हवा घेणारे भोक बुजले आहे. कॉइल आणि फ्लायव्हीलमधले अंतर पोस्टकार्ड घालून लावतात, ते चालते.

साखळीविषयी थोडक्यात. भुसा पिठासारखा पडला तर साखळी बोथट, चिपाट पडली तर धारदार. कानस साखळीच्या मापाचीच वापरा. पट्टीला जळके ऑइल घालणे बंद करा, त्यातल्या धातूच्या कणांनी पट्टी खाते. करवतीच्या पट्टीचे वरचे टोक लाकडाला लागू देऊ नका. तिथून ती उसळून तोंडाकडे येते, आणि तेव्हा कोणत्याही कंपनीची असली तरी सारखीच. एकट्याने झाड पाडू नका. आणि साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या धुऱ्यावरची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

गट कार्यालयात आम्ही १०० मिलीची मोजनळी ठेवली आहे. तिच्यात २५ मिली पाणी आणि त्यावर ५० मिली पेट्रोल घालून हलवायचे आणि दहा मिनिटे ठेवायचे. खालचा थर २५ वरून ३५ च्या जवळ गेला तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ३० च्या आसपास राहिला तर १० टक्के. पाहायचे असेल त्यांनी पाव लिटर पेट्रोल, तेल न मिसळलेले, धातूच्या झाकणाच्या डब्यात घेऊन यावे. त्याबरोबर मशीनचा प्लग काढून खिशात आणला तर रंग पाहून आम्ही तिथेच सांगू. बिडी मात्र बाहेर विझवून यावे.